आतून कडी

५ जानेवारी

प्रिय मावशी,

उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस. रोज संध्याकाळी लिहायला बसते, आणि आधी काय लिहू नि मागाहून काय, यातच दिवा लावायची वेळ होते. तूच म्हणायचीस ना, मुंगीने साखरेचा दाणा उचलण्याआधी त्याला चार प्रदक्षिणा घातल्या पाहिजेत, नाहीतर ती मुंगी कसली!

आमचं बरं चाललंय. लाकूड कापायचं यंत्र छान चालतं. ते कर्ज काढून घेतल्यापासून कामं मात्र कमी आली, त्यामुळे पेढीवाल्याचे हप्ते थोडे मागे पडले आहेत. पेढीवाला हिशेबाला पक्का आहे, एवढं त्याचं चांगलं. एक पैसा जास्त लिहीत नाही आणि एक पैसा सोडतही नाही.

माझ्या नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं लाकूड आवळून धरायच्या शिकंज्यात सापडली. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्यात. म्हणून सध्या दुकानाचा भार माझ्यावर आहे. खुर्च्यांच्या वेताच्या बैठका मी विणते, पॉलिशही मीच करते. नखांतला रंग जात नाही. काल शेजारणीने विचारलं, "मेंदी का गं?"

एक विनंती. पत्रात याला 'जावईबापू' लिहू नकोस. इथे एक जावई आधीच आहे. पेढीवाल्याचा वसुलीचा माणूस. सगळी वस्ती त्याला जावई म्हणते, कारण घरात येऊन बसला की उठत नाही आणि रिकाम्या हाताने जात नाही. परवा तुझं पत्र वाचताना 'जावईबापूंची वाट पाहते' असं आलं, तर हा दचकून उठलाच.

तुझी शिस्त मी मोडलेली नाही. कडी आतून असते आणि 'कोण?' विचारल्याशिवाय काढत नाही. घरचा माणूस 'मी' म्हणतो, परका नाव सांगतो. पण मावशी, इथे सगळेच नाव सांगतात. आमच्या दाराशी 'मी' म्हणणारं कुणी नाही, याचं कधीकधी फार वाटतं.

तुझी,
मुंगी


१२ जानेवारी

मुंगे,

पत्र मिळालं. अक्षर डावीकडे कललंय. तू सात वर्षांची असताना दुधाचं भांडं सांडून मांजराचं नाव सांगितलं होतंस, तेव्हा पाटीवरची अक्षरं अशीच कलली होती. शाळेच्या नावाने तुला ताप यायचा म्हणून मी तुला घरी शिकवलं. तुझं अक्षर तुझ्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे.

मी शिंपीण आहे, सुतारीण नाही. पण तुमच्याकडे चार दिवस राहिले होते तेव्हा दुकानात तो शिकंजा पाहिला होता. त्याला लोखंडी दांडा आहे. दांडा फिरवला तरच तो आवळतो, आणि तोही हळूहळू. त्यात बोटं 'सापडत' नाहीत. सापडली तर माणूस ओढून घेतो.

दांडा कुणी फिरवला?

नुसतं एवढंच लिही. बाकी हवापाण्याचं मागाहून.

तुझ्या नवऱ्याला, म्हणजे आता काय लिहू? सुताराला माझा आशीर्वाद.

मावशी


१९ जानेवारी

प्रिय मावशी,

जावयाने फिरवला.

मी खोटं लिहिलं नव्हतं. बोटं शिकंज्यातच सापडली होती. पण तू विचारलंस, आता सगळं लिहिते.

तो सकाळी आला. बरोबर आणखी एक होता. तो बोलत नाही म्हणून त्याला मुका म्हणतात, ऐकू मात्र चांगलं येतं. मी एका खुर्चीची बैठक विणत होते. जावई तिच्यावरच बसायला लागला. म्हटलं, "वेत ओला आहे, बसू नका, खचेल." तो म्हणाला, "असू दे वहिनी, आपलंच घर आहे," आणि बसला. चहा मागितला. मी केला. तो सावकाश प्यायला आणि मग याला म्हणाला, "हत्यारं छान ठेवली आहेस रे. हे काय असतं?"

तुला माहीत आहे, हत्यारांबद्दल कुणी विचारलं की हा हरखतो. सांगायला लागला, हा शिकंजा, लाकूड इथे धरायचं, दांडा असा फिरवायचा, कितीही जाड फळी असो, हलत नाही. म्हणजे त्यानेच शिकवलं, मावशी. जावई म्हणाला, "हात ठेव बघू." हा हसला. त्याला थट्टाच वाटली. मुक्याने मागून मान आणि खांदा धरला आणि जावयाने हात ओढून मध्ये घातला.

दांडा फिरवताना तो माझ्याशीच बोलत होता. "वहिनी, चहात साखर कमी होती. वहिनी, दुकान तुमच्या नावावर का त्याच्या?" मी उत्तरं देत होते. खरंच देत होते. माझ्या हातात वेत कापायची सुरी होती आणि मी म्हणत होते, "त्याच्या नावावर." मग आवाज झाला. वाळलेला वेत चुकून वाकवला की होतो, अगदी तसा. एकदा झाला, आणि थोड्या वेळाने परत. याच्या तोंडून आवाजच निघेना, नुसता वारा. जावयाने दांडा उलटा फिरवला, चिंधीने पुसला, म्हणाला, "सुताराचा उजवा हात सोडलाय. आपल्यालाही कळतं."

दोन दिवसांनी मी एकटी पेढीवर गेले. पेढीवाला शांत माणूस आहे. टेबलावर काच, काचेखाली लेकीचा फोटो. मला खुर्ची दिली. म्हणाला, "बोटं मोडून पैसे येतात का? जावयाला अक्कल नाही." मग त्यानेच काम दिलं. घरांतलं फर्निचर सुटं करून आणायचं. पलंग, कपाटं, टेबलं. उचलून नेली तर दारातून निघत नाहीत, भिंती खरवडतात, वस्तू मोडतात. सुताराने खोलली तर नीट निघतात आणि विकलीही जातात. दर घरामागे ठरलेली रक्कम आमच्या कर्जातून वजा. हा एका हातानेही खोलू शकतो, दुसरा हात माझा. आणि दार वाजवायचं काम माझं.

दोघं मिळून फेडू, मावशी. काळजी करू नकोस.

मुंगी


२८ जानेवारी

मुंगे,

तुझं पत्र वाचून मी त्या दिवशी एक बाही उलटी शिवली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, हात मागे बांधून फिरू का?" मी म्हटलं, "तुझे नको, मला एकाचे बांधायचे आहेत."

त्या जावयाचं काय व्हायचं ते होवो. लिहून कागद खराब करत नाही.

पण काम मिळालं हे चांगलं झालं. जुनं सामान लोक विकायला काढतात, पेढीवाला ते घेत असेल. पैसेवाल्याला दहा धंदे. एकच गोष्ट समजली नाही. लोकांनीच बोलावलं असेल तर दार उघडं असेल. मग ते वाजवायला वेगळं माणूस कशाला? जाऊ दे. म्हातारपणी प्रत्येक कापडात भोक दिसतं. तुम्ही दोघं एका ओझ्याला चार हात लावताय, यात मला सगळं आलं. तुझे काका होते तेव्हा आम्हीही असंच एक कर्ज फेडलं. मी शिवायची, ते काजं-बटणं करायचे. पुरुष माणूस बटणं लावतो म्हणून लोक हसायचे. ते म्हणायचे, "हसा, तुमच्या शर्टाचं बटण तुटल्यावर इथेच याल."

माझं शिलाई मशीन अजून पाणी कापल्यासारखं चालतं. कोपऱ्यावरची बाई किती दिवस मागे लागली आहे, विकता का म्हणून. मी म्हणते, आधी माझे हात विकत घे, मग मशीन.

सुताराची बोटं कशी आहेत? जुळली का वाकडी?

मावशी


६ मार्च

प्रिय मावशी,

मध्ये तुझी दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण अक्षर कलतंय का ते पाहण्यासाठी मी सारखी खोडत होते.

तू विचारलं होतंस, दार वाजवायला वेगळं माणूस कशाला. त्याचं उत्तर देते.

ती घरं सामान विकणाऱ्यांची नाहीत. आमच्यासारख्यांची आहेत. जावयाचा आवाज सगळ्यांना पाठ झालाय, त्याला कुणी उघडत नाही. म्हणून मी वाजवते. आतून विचारतात, "कोण?" मी म्हणते, "मी." बस. एवढंच. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून ते सवयीने गेलं, तुझ्या घरची सवय. जावई नंतर म्हणाला, "वहिनी, हा शब्द सोन्याचा आहे." खरंच, दार उघडतंच. प्रत्येक घराचं कुणीतरी बाहेर असतं, आणि बाईचा आवाज दारातून आला की तो त्यांना आपल्याच माणसाचा वाटतो. मी कुणाचं नाव सांगत नाही. मी मीच असते. म्हणून मला वाटत होतं, मी खोटं बोलत नाही.

एका घरी आतून बाई धावत आली. कडी काढतानाच म्हणत होती, "आलीस? अगं, कळवायचंस तरी!" हात ओले होते. तिची मुलगी कुठेतरी लांब असते. तिने मला पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचं हसू जायला वेळ लागला, मावशी. ते तसंच राहिलं आणि जावयाचा खांदा दारात शिरला. तिचा नवरा कचेरीत कारकून होता. हा आणि मी टेबल खोलायला बसलो. आम्ही मान वर करत नाही, तसं ठरलंय. याने टेबलाचा एक पाय काढून खाली ठेवला. चांगला भरीव पाय होता. जावयाने तोच उचलला आणि कारकुनाच्या गुडघ्यावर मारला. मग दुसऱ्यावर. बाई ओरडत नव्हती, ती माझ्याकडे बघत होती. हा तसाच दुसरा पाय खोलत राहिला. खाली ठेवला नाही मात्र, मांडीखाली धरून बसला.

नंतर बातमी पसरली. 'मी' म्हटलं तरी कुणी उघडेना. जावयाने नवीन शोधलं. दाराबाहेर जिन्यावर माझा हात मागे पिळायचा. मी ओरडले की आतल्याला वाटतं, बाहेर कुणा बाईला मारतायत, आणि तो सोडवायला दार उघडतो. सगळेच उघडत नाहीत. जे चांगले असतात ते उघडतात.

मी आधी म्हटलं, खोटं ओरडणार नाही. जावई म्हणाला, "खोटं कशाला?" आणि खरंच पिळला. दोन घरं त्याने पिळला. मग हा म्हणाला, माझ्या बायकोला तू हात लावायचा नाहीस, मीच पिळतो. तेव्हापासून हा पिळतो. हळू पिळतो. पण हळू पिळला की आवाज नीट येत नाही, मग जरा जोराने. घरी आल्यावर तोच तेल लावून देतो. त्याची दोन बोटं वाकडी जुळली आहेत, ती चोळताना टोचतात. तो म्हणतो, "निम्म्याच्या खाली आलं." मी म्हणते, "हो."

काल एक म्हातारे घड्याळजी होते, एकटेच राहणारे. मी ओरडले. त्यांनी दार उघडलं. हातात काठी होती आणि डोळ्याला ते भिंग तसंच लावलेलं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, लागलं का तुला?" एवढं म्हणेपर्यंत मुक्याने त्यांच्या तोंडावर मारलं. भिंग फुटून डोळ्यात गेलं. त्यांचं कपाट काचेचं होतं, आत लहान लहान कप्पे. याने ते खोललं, एकही काच फुटू दिली नाही.

मावशी, मी कुठे खोटं बोलले ते मला सांग. रोज शोधते. सापडत नाही, आणि तरीही झोप लागत नाही.

मुंगी


१३ मार्च

मुंगी,

तुझं अक्षर या वेळी सरळ होतं. तेवढ्यासाठी हे उत्तर लिहिते.

तू खोटं बोलली नाहीस. शोधू नकोस, सापडणार नाही. मी तुला खोटं बोलू नये एवढंच शिकवलं, आणि तू ते तंतोतंत केलंस. खऱ्याने माणूस मारता येतो हे शिकवायचं राहिलं. पोर सात वर्षांची होती, मला वाटलं, एवढं कशाला सांगायचं. ते माझ्याकडे लागलं. पण त्या म्हाताऱ्याचा डोळा तुझ्याकडे.

'मी' हा शब्द मी तुला दिला होता. आईविना पोर, परक्या गावी वाढणार, दाराशी तिचं माणूस कुठलं आणि परकं कुठलं हे तिला कळावं, म्हणून दिला होता. तो तू त्याच्या हातात दिलास, टेबलाच्या पायासारखा.

आणि सुताराला सांग, बायकोचा हात पिळून तेल लावणारा नवरा मी शिवणकामात पन्नास वर्षं घालवूनही कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. वाकडी बोटं परवडली. हे नको.

आजपासून एकही दार वाजवायचं नाही. मारतील? मारू देत. तुम्ही घरात बसा, कडी लावा आणि कुणाला उघडू नका. कर्जाचं मी बघते. कसं ते विचारू नकोस.

आज आशीर्वाद लिहीत नाही. लिहिला तर तो खोटा होईल.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी, प्रिय मावशी,

फिटलं! सगळं फिटलं! आधी हे वाच आणि मग बस, मी सगळं ओळीने सांगते.

तुझं पत्र मी याला मोठ्याने वाचून दाखवलं. तेलाच्या ओळीपाशी तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी एका घराच्या जिन्यावर आम्ही उभे होतो, माझा हात त्याच्या हातात होता. त्याने तो सोडला. हत्यारांची पिशवी पायरीवर ठेवली आणि जावयाला म्हणाला, "आता नाही." जावयाने पिशवीतलाच पाना काढून त्याच्या तोंडावर मारला. पुढचा एक दात गेला, ओठ फाटला. हा खाली बसला, परत उठला, आणि रक्त थुंकून परत म्हणाला, "नाही." मावशी, लग्नात मी त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या जिन्यावर पाहिलं.

जावई म्हणाला, "ठीक. तुमची जागा रिकामी राहणार नाही वहिनी. दुसरी बाई बघतो. आणि तिला पहिलं दार तुमचंच देतो."

आम्ही तू सांगितलंस तसंच केलं. घरात बसलो. कडी लावली, वर कामाचं बाक ओढून दाराला लावलं. आठवडा गेला असेल. एका दुपारी दार वाजलं.

मी विचारलं, "कोण?"

बाहेरून बाई म्हणाली, "मी."

आवाज अगदी तुझ्यासारखा होता! मी बाकाला हात लावलासुद्धा. याने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. मग माझं मलाच उमगलं. घाबरलेल्या माणसाला दाराबाहेरचा कुठलाही आवाज आपल्याच माणसाचा वाटतो. त्यावरच तर आम्ही दोन महिने फेडलं. मी तोंडावर हात ठेवून उभी राहिले. बाहेर ती बाई उभी होती. तिने परत वाजवलं नाही, फक्त उभी राहिली. धाप लागल्यासारखा श्वास येत होता, जिना चढून आलेल्या माणसाचा. मग खालून पावलं आली. जावयाची चाल मी ओळखते. तो काहीतरी बोलला, ती काहीतरी म्हणाली, "तुझ्या हातात देणार नाही" असं काहीसं. मग ती ओरडली.

मावशी, ते ओरडणं मी कधी विसरणार नाही. मी इतकं चांगलं कधी ओरडले नव्हते. शब्द नाही, हाक नाही, नुसतं ओरडणं. आणि त्याआधी तो आवाज, वाळलेल्या वेताचा. मी याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सोंग आहे. आपण हेच करायचो." मी कानांवर हात ठेवले. जिन्यावरून काहीतरी जड आपटत खाली गेलं. मग शांत झालं. आम्ही उघडलं नाही! तू सांगितलं होतंस, कुणाला उघडू नका. नाही उघडलं.

आणि दुसऱ्या सकाळी दाराखालून कागद आला. पेढीवाल्याची सही, त्याचाच शिक्का. खातं बंद, येणं काही नाही. आम्ही दोघं तो कागद घेऊन किती तरी वेळ जमिनीवरच बसलो. याला वाटतं, आम्ही बधलो नाही म्हणून ते दमले. मला वाटतं, पेढीवाल्याला त्याच्या लेकीच्या फोटोकडे बघून दया आली असेल. काहीही असो. हा फाटक्या ओठाने हसत होता आणि हसताना रक्त येत होतं, तरी हसत होता.

पायऱ्या मी धुतल्या. सोंगासाठी लाल रंगसुद्धा आणला होता वाटतं. दिवस रंगात घालवणारी मी, पण त्याकडे नीट पाहिलं नाही. पाणी ओतत राहिले.

आता तुझ्याकडे येऊन राहू चार दिवस. तू लगेच लिही. दोन ओळी लिही. का कोण जाणे, तुझं अक्षर पाहीपर्यंत मला चैन नाही.

तुझी,
मुंगी


११ एप्रिल

मुंगी,

हे पत्र डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे. पण लपवत काही नाही.

मशीन मी कोपऱ्यावरच्या बाईला विकलं. कानातलं आणि काकांचं घड्याळही. पुरेसं झालं. पोस्टाने पाठवलं असतं तर वाटेत कुणाच्या हाती लागलं असतं, म्हणून स्वतः घेऊन आले. कळवलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस. तुमचा जिना फार उंच आहे. वर आले तेव्हा धाप लागली होती. वाजवलं. तू "कोण?" विचारलंस. माझ्या पोरीने कडी काढण्याआधी विचारलं, म्हणून मला बरं वाटलं. मी म्हटलं, "मी."

तू दारामागे होतीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता. मी परत वाजवणार होते. तेवढ्यात तो वर आला. पिशवी मागितली. मी म्हटलं, पैसे तुमचेच आहेत, पण ते मी माझ्या भाचीच्या हातात देणार, तुझ्या हातात देणार नाही. त्याने हात पिळला. मागे, वरच्या बाजूला. तू लिहिलं होतंस ना, तसाच. मग मोडला. मग पिशवी हिसकावून ढकललं.

एक तुला सांगते, कारण तू रात्री शोधत बसशील. मी ओरडले, ते आवरलं नाही. पण तुला हाक मारली नाही. 'मुंगे' एवढं म्हटलं असतं तर तू बाक ढकलून बाहेर आली असतीस, आणि तो आत गेला असता. ते तोंडाशी आलं होतं. दातांत धरलं. तेव्हा दार उघडलं नाहीस हा तुझा गुन्हा नाही. ते मीच बंद ठेवलं.

पेढीवाल्याने पिशवी मोजून पूर्ण जमा करून घेतली. एक पैसा जास्त लिहीत नाही, एक सोडत नाही. तू सांगितलंच होतंस. त्याला दया वगैरे आली नाही.

खालच्या मजल्यावरच्या बाईने मला दवाखान्यात नेलं. मनगट उजवं आहे, दोन ठिकाणी. डॉक्टर म्हणतात, सुई धरता येणार नाही. मी म्हटलं, मशीन नाहीच आहे, तेव्हा हाताची सोय बरोबर लागली. ते हसले नाहीत. तुझे काका हसले असते.

तुम्ही दोघं येणार म्हणता. या. आधी त्या घड्याळजींकडे जा, आणि त्या कारकुनाच्या बायकोकडे. त्या दारांशी काय म्हणायचं ते मी शिकवणार नाही. तिथून माघारी पाठवलं तरी माझ्याकडे या. सुताराला माझ्याकडे तेल लावायला लावीन, माझ्या हाताला. त्याला चांगलं जमतं म्हणतेस.

माझं दार उघडेल. हे लिहून देते.

पण मी आता कडी लावते, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की ती परत तपासते. वाजवलंस की मी विचारीन, कोण? तेव्हा 'मी' म्हणू नकोस.

नाव सांग.

मावशी